केंट रायमरसाठी शिफारसपत्र

९ मे, सोमवार

गॉर्डीने ही वही आणून दिली. रोज जेवताना मी विद्यापीठाची गाऱ्हाणी गाते आणि त्याने ओव्हनमध्ये केलेला हॉटडिश थंड होतो. म्हणून म्हणाला, यापुढे आधी वहीला सांग, उरलं तर मला. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे इलाज असतो.

तर वहीबाई, मी जोलीन टोर्गरसन, वय अठ्ठावन्न, टॅमरॅक राज्य विद्यापीठाची क्रीडा संचालक. या खुर्चीत बसलेली पहिली बाई. सात वर्षं झाली, तरी देणगीदारांच्या मेजवानीत कुणीतरी मला कॉफी आणायला सांगतंच. एकदा मी खरंच आणून दिली, आणि मग त्याच माणसाच्या टेबलावरून भाषणाला उठले. त्याने टाळ्या जरा जोरात वाजवल्या, एवढंच.

आजपासून निरोपाच्या मुलाखती. पदवी घेऊन जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूला समोर बसवायचं, बारा प्रश्न विचारायचे, उत्तरं छापील कागदावर लिहायची, खाली सही करायची आणि कागद कपाटात घालायचा. नियमच आहे तसा. बाकी ठिकाणी हे काम कुणातरी मदतनिसाच्या गळ्यात मारतात. मी स्वतः करते, आणि त्याचा मला अभिमान आहे. मी इथे बास्केटबॉल खेळायचे तेव्हा मुलांनी टाकून दिलेले शर्ट आम्हाला मिळायचे आणि ते धुवायचेही आम्हीच. चार वर्षांत एकाही माणसाने विचारलं नाही की बाई, तुझं कसं चाललंय.

आज अकरा जण झाले. फुटबॉलच्या मुलांना सात-सात मिनिटं लागतात. सगळं 'छान'. मग ब्रिन हॉकन्सन आली. लांब पल्ल्याची धावपटू, किंचित लंगडत होती. ती पन्नास मिनिटं बसली आणि माझं पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडलं.

तिचं म्हणणं असं. कोच केंट दर सोमवारी सकाळी सगळ्या मुलींना काट्यावर उभं करतो. आकडे कपडे बदलायच्या खोलीत दारामागे लावतो. नाव नाही, फक्त आकडा आणि बाण. बाण वर गेला की त्या आठवड्यात संघाबरोबर जेवायचं नाही. "पाळी थांबली की समजायचं, अंग धावण्याच्या लायकीचं झालं, असं म्हणतात ते," ती म्हणाली. हे तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं. बारावा प्रश्न असतो, धाकट्या बहिणीला या संघात पाठवाल का? म्हणाली, "मला बहीण नाही. असती तर तिला गावच्या रस्त्यावर धाव म्हटलं असतं."

कागदावर मी लिहिलं, 'वजनाच्या पद्धतीबद्दल नाराजी.' रकाना लहान असतो.

शेवटच्या वर्षी तिला मुख्य संघातून वगळलं होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. वगळलेली मुलं कडू होऊनच जातात.

१५ मे

केंटच्या मुलींनी दहा हजार मीटरमध्ये पहिले तीनही क्रमांक पटकावले. आमचे अध्यक्ष ऑल्डन प्रेविट मैदानावर धावत गेले. धावले म्हणजे काय, भरभर चालले. फोटोत मला मध्ये उभं केलं. केंट बातमीदारांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही बाई मला माझं काम करू देते."

मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू? फुटबॉलचा कोच दर आठवड्याला काहीतरी मागायला येतो आणि नाही म्हटलं की परस्पर ऑल्डनकडे जातो. केंट सात वर्षांत एकदाही काही मागायला आला नाही. माझ्या वाढदिवसाला फुलं आणणारा या इमारतीतला तो एकटाच.

२ जून

ओडेसा ग्रिम्स ही माझी उपसंचालक. नियम पाळले जातात की नाही ते बघणं तिचं काम, आणि ते ती इतकं नीट करते की तिच्याबरोबर कुणी जेवायला बसत नाही. आज दार लावून आत आली आणि माझ्यासमोर एकोणीस कागद मांडले. केंटच्या मुलींच्या निरोपाच्या मुलाखती, सात वर्षांतल्या. अकरांवर पिवळी खूण होती. 'खाण्यावरून ताण.' 'आहाराबाबत मतभेद.' 'वजनाचा विषय नको होता, असे वाटते.' प्रत्येकाखाली जे. टी.

"ही सही कुणाची?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तुला माहीत आहे कुणाची.

"मला माहीत आहे गं. तुला माहीत आहे का, ते बघत होते."

मी तिला बाहेर काढलं. म्हणजे मला मीटिंग आहे असं सांगितलं. मग सगळे कागद वाचले. त्या अकरांपैकी पाच मुली मला आठवतात. एकीला जूनमध्ये लोकरीचे हातमोजे घातलेलं पाहून मी हसले होते, तीही हसली होती.

एक गोष्ट खरी आहे. प्रत्येक वर्षी एक, फार तर दोन. सुटे सुटे वाचले तर त्यात काही नव्हतं. कपाटातून एकदम काढून एका टेबलावर मांडायचे, हे ओडेसालाच सुचू शकतं.

६ जून, सोमवार

केंटला बोलावलं. बायकोच्या बागेतले रूबार्बचे आंबट देठ घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. मी वजनाचा विषय काढला. तो मुळीच गडबडला नाही. काटा म्हणजे शास्त्र आहे म्हणाला, मोठमोठ्या संघांत करतात म्हणाला. मग पुढे वाकून म्हणाला, "जोलीन, तू स्वतः खेळलीयस. तुला काय सांगायचं? दुखेपर्यंत गेल्याशिवाय काही मिळतं का?"

कोण बोललं, असं त्याने विचारलं. "ब्रिन असणार. गुणी पोर, पण मनाने कच्ची," तो म्हणाला. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

मी बजावलं की काटा बंद. तो लगेच कबूल झाला. "दारामागचा कागदही काढतो," म्हणाला. कागदाबद्दल मी अवाक्षरही काढलं नव्हतं. तरी बोलणं चांगलं झालं. कुणाचा अपमान न करता काम होतं, ते हे असं. गॉर्डीने त्या देठांची गोड पाय-पेस्ट्री केली. मी दोन तुकडे खाल्ले, त्याने एकही नाही.

२१ जून

ब्रिनचं पत्र आलं, हाताने लिहिलेलं. खुब्याच्या हाडाला तडा गेला होता, डुलूथला शस्त्रक्रिया झाली, तीन स्क्रू घातले. डॉक्टरने हाडांचे फोटो पाहून तिचं वय दोनदा विचारलं. म्हणाला, ही साठीच्या बाईची हाडं आहेत. ती बावीसची आहे. मी साठीला आले आहे आणि परवा चर्चच्या सहलीत व्हॉलीबॉल खेळले.

पुढचं तसंच्या तसं उतरवते. 'मला भरपाई नको. माफीही नको. फक्त ऑगस्टमध्ये नव्या मुली येतील त्यांना हा माणूस नको. त्या दिवशी तुम्ही माझं पूर्ण ऐकून घेतलंत. तोवर कुणीच घेतलं नव्हतं. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.'

पत्र गॉर्डीला दाखवलं. त्याने चष्मा पुसून दोनदा वाचलं. त्याच्या वर्गात अशा कितीतरी मुली बसून गेल्या. "काय करणार?" त्याने विचारलं. मी म्हटलं, त्याला काढणार. इथे लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. केंट रायमरला मी काढणार.

२७ जून, सोमवार

ऑल्डनच्या खोलीत विद्यापीठाचा वकील आधीच बसलेला होता. तिथेच मला कळायला हवं होतं. मी चौकशी हवी म्हटलं, ओडेसाने काढलेले कागद आणि त्यांच्यावर ब्रिनचं पत्र पुढे ठेवलं. ऑल्डनने ते वाचलं नाही, वकिलाकडे सरकवलं.

मग कळलं की ॲशबी विद्यापीठाने केंटला मागितलंय. टेनेसीतलं, आमच्या तिप्पट. "तो आपणहून चाललाय, जोलीन. आपल्याला हवंय तेच होतंय, फक्त आरडाओरडा न होता," ऑल्डन म्हणाला. मी म्हटलं, आणि तिथल्या मुली? तो म्हणाला, त्यांच्यासाठी तिथेही एक क्रीडा संचालक आहे, त्याला त्याचा पगार मिळतो.

वकील फार सभ्य माणूस. त्याने ते एकोणीस कागद पत्त्यांसारखे नीट जुळवले आणि माझ्याकडे न बघता सांगितलं की चौकशी झालीच तर पहिल्या साक्षीदार तुम्हीच असाल. मुलीला उत्तर द्यायचं नाही. आणि हे सगळं तुम्ही कुठे लिहून तर ठेवत नाही ना? मी नाही म्हटलं.

ॲशबीला केंटच्या वरिष्ठांचं शिफारसपत्र लागतं. वरिष्ठ म्हणजे मी. या देशात कोच असाच हलवतात. आधीचा मालक चांगलं लिहितो, नवा मालक फोन करत नाही, आणि दोघांचाही उन्हाळा चांगला जातो. माझ्याकडे आलेल्या किती कोचांची पत्रं मी अशीच वाचली आहेत. केंटचंसुद्धा असंच एक आलं होतं, ओरेगनहून. फार सुंदर पत्र होतं.

१ जुलै

चार वेळा लिहिलं. मी स्वतःला एकच अट घातली होती, एकही वाक्य खोटं नको. शेवटी झालं ते असं:

'केंट रायमर यांच्या संघाने सात वर्षांत पाच विजेतेपदे मिळवली. त्यांच्या खेळाडू वेळेच्या पक्क्या आहेत आणि अभ्यासात विद्यापीठात सर्वांत पुढे आहेत. ते प्रत्येकीकडे बारकाईने लक्ष देतात. संघात असताना एकाही खेळाडूने त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार केलेली नाही. मुली त्यांच्यासाठी जीव तोडून धावतात.'

'संघात असताना' हे वकिलाने घातलं. ब्रिनने लिहिलं तेव्हा ती संघात नव्हती. आणि मुलाखतीचे कागद मी लिहिते, मुली नाही. तेव्हा सगळं खरं आहे.

ओडेसाला दाखवलं. का दाखवलं कोण जाणे. तिने उभ्या उभ्या वाचून परत माझ्या टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, यात खोटं काहीही नाही.

"तेच तर," ती म्हणाली. "खोटं असतं तर कुणीतरी पकडलं असतं."

संध्याकाळी तिचा अर्ज आला, तिला प्रवेश विभागात बदली हवी आहे. नाटकी बाई. मी मंजूर केला. केंट जाईल, इथल्या मुली सुटतील, ब्रिनने मागितलं ते तिला मिळालं. तिने नव्या मुलींबद्दल लिहिलं होतं. आमच्या नव्या मुलींना तो नसणार.

१२ ऑगस्ट

केंटचा निरोप समारंभ. केक, लिंबूपाणी, अध्यक्षांचं भाषण. गॉर्डी आला नाही, शेंगा तोडायच्या आहेत म्हणाला. शेंगा काही पळून जात नव्हत्या.

दोन मुली हुंदके देऊन रडल्या. मी घरी येताना विचार करत होते, तो इतका वाईट असता तर त्या रडल्या असत्या का? एक तिसरी होती, मागे भिंतीशी. तिच्या बशीतला केक शेवटपर्यंत होता तसाच होता. ती सगळ्यांशी हसून बोलत होती, आणि जाताना बशी तशीच्या तशी कचऱ्यात टाकली. मला खूप दिवसांनी माझी आई आठवली. ती अन्न टाकू देत नसे.

ब्रिनचं आणखी एक पत्र आलं. दोन ओळींचं. माझं पहिलं पत्र मिळालं का? उत्तर दिलं नाही. देऊ नको असं वकिलाने मला नंतर लेखीही कळवलेलं आहे.

९ नोव्हेंबर

ज्या कंपन्या विद्यापीठांना माणसं शोधून देतात त्यांतल्या एकीच्या माणसाचा फोन आला. ॲशबीच्या क्रीडा संचालकाची नोकरी गेली. फुटबॉलचे सहा सामने हरले की तिथे संचालक जातो, कोच राहतो. त्यांच्या यादीत माझं नाव आहे. कुणी सुचवलं, हे मी विचारलं. "तुमच्या केंटने," तो म्हणाला. "फार मानतो तुम्हाला."

रात्रीच्या जेवणाला गॉर्डीला सांगितलं. तो म्हणाला, "तिथे तो आहे."

"म्हणूनच तर," मी म्हटलं. "मी वर असले तर त्याच्यावर नजर राहील. इथे बसून काय करू शकते मी?" हे बोलताना मला पटत होतं, आणि आताही पटतंय. शिवाय अठ्ठावन्नाव्या वर्षी एवढ्या मोठ्या विद्यापीठाचा फोन बाईमाणसाला दोनदा येत नाही. मुलांचे टाकलेले शर्ट घालून खेळले त्याचं काहीतरी चीज व्हायला नको? गॉर्डी उठला. धुतलेलीच बशी पुन्हा धुवत उभा राहिला. हल्ली त्याचं कान देऊन ऐकणं कमी झालंय.

१७ जानेवारी

मुलाखत विमानतळाला लागून असलेल्या हॉटेलात. हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज. उमेदवाराला खोटं नाव द्यायचं, सामानाच्या लिफ्टने वर न्यायचं, म्हणजे वर्तमानपत्रवाल्यांना पत्ता लागत नाही. मी तीन तासांसाठी मिसेस पेनिंग्टन होते. सहा पुरुष, एक बाई, वाळके सँडविच, बर्फ घातलेला गोड चहा.

सगळं उत्तम गेलं. मग ती बाई बोलली. डॉक्टर आहे, विश्वस्त मंडळावर आहे, लोरेटा बॅस्किन नावाची. म्हणाली, "केंट रायमरला घेताना मला जरा शंका होती. तुमचं पत्र वाचलं आणि गेली. मनात म्हटलं, बाईने लिहिलंय, ती स्वतः खेळलेली आहे. तिला काही दिसलं असतं तर ती लिहितीच ना."

कसली शंका होती, हे मी विचारायला हवं होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी थँक यू म्हटलं.

शेवटचा प्रश्न सगळीकडे एकच असतो. आम्हाला माहीत असायला हवं असं काही आहे का? माझ्यासमोर पाण्याचा पेला होता. मी तो उचलला, प्यायले, खाली ठेवला. तोवर कुणीही घाई केली नाही. लोरेटा बॅस्किनने पेनसुद्धा खाली ठेवलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

विमानात मी हे नीट तपासलं. बोलले असते तर पहिला प्रश्न माझ्या पत्राचाच आला असता. मला घेतलं नसतं, आणि त्याला काढलं असतंच असं नाही. नवा कुणी पुरुष आला असता, त्याने केंटबरोबर गोल्फ खेळला असता. म्हणजे गप्प राहण्यानेच त्या मुलींचं भलं होणार आहे. मी हे तीन वेगवेगळ्या बाजूंनी तपासलं आणि तिन्ही बाजूंनी उत्तर तेच आलं. मग रडू का येत होतं, ते कळलं नाही. शेजारच्या माणसाने मला त्याचा हातरुमाल दिला.

६ फेब्रुवारी, सोमवार

ॲशबीची क्रीडा संचालक. बातमी गुरुवारीच फुटली होती, आज पत्रकार परिषद झाली, डोक्यावर त्यांची टोपी घातली, सगळे टाळ्या वाजवत होते. ॲशबीतलीही पहिली बाई मीच. एका बातमीदाराने विचारलं की मुलींना तुमच्याकडून काय मिळेल. मी म्हटलं, त्यांचं ऐकणारं माणूस मिळेल. उद्या हेच मथळ्यात येईल.

घरी आले तर ब्रिनचं कार्ड आलेलं. मी आणि गॉर्डी दोघांनी वाचलं. 'तुम्ही उत्तर का दिलं नाहीत ते आज बातम्या बघून कळलं. तुम्ही त्याच्या मागोमाग जायचं ठरवलं होतंत, आणि तोवर कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मी मनात तुम्हाला खूप बोलले, त्याबद्दल माफ करा. आता तुम्ही तिथे आहात. आता मला झोप लागेल.'

गॉर्डीने कार्ड परत पाकिटात घातलं. मग म्हणाला की घर विकेपर्यंत तो इथेच राहील, मग येईल. मीही म्हटलं, बरोबर आहे, एकदम दोघांनी धावपळ कशाला? दलालाला अजून बोलावलेलं नाही. बाजार मंद आहे म्हणतो.

३ एप्रिल, सोमवार

ॲशबीतला पहिला पूर्ण आठवडा सुरू. इथे एप्रिलमध्येच कोट काढून फिरतात. माझ्या खोलीतून अख्खं मैदान दिसतं.

दुपारी केंट त्याच्या संघाला घेऊन भेटायला आला. सतरा मुली, सगळ्यांच्या अंगात पूर्ण बाह्यांची जाकिटं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून ओळख करून दिली. "या माझ्या जुन्या बॉस. मला पहिल्यापासून ओळखतात, माझं सगळं यांना माहीत आहे. कुणाला कसलीही अडचण आली तर थेट यांच्याकडे जायचं. मी स्वतः सांगतोय."

मी प्रत्येकीशी हात मिळवला. हात गार होते. प्रत्येकीचं नाव विचारलं, प्रत्येकीने नाव सांगितलं आणि मागे सरकली. कुणीच माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही. एवढ्या मुलींमध्ये एकीलाही काही विचारावंसं वाटू नये, याचं मला नवल वाटलं. दक्षिणेकडची मुलं मोठ्यांसमोर बुजतात, असं माझी सेक्रेटरी म्हणते.

जाताना केंट दारात थांबला. म्हणाला, "तुझं पत्र माझ्याजवळ असतं, जोलीन. फार उपयोगी पडतं." अगदी प्रेमाने म्हणाला.

त्याच्या संघाच्या मुलाखतींचे कागद जूनमध्ये शांतपणे मागवून बघायचे आहेत. आधी फुटबॉलच्या कोचच्या नव्या कराराचं बघावं लागेल.

१८ सप्टेंबर, सोमवार

पाच महिने वहीला हात लावला नाही. जूनमध्ये कागद मागवायचे होते, पण जूनमध्ये मैदानाच्या नव्या गॅलरीचं काम निघालं. जुलैत निधी गोळा करायचा दौरा. ऑगस्टमध्ये फुटबॉल सुरू झाला आणि फुटबॉल सुरू झाला की इथे दुसरं काही सुरू नसतं. पहिले तीन सामने जिंकलो. माझ्यावर दोन लेख आले. गॉर्डीचा रविवारी फोन असतो. टोमॅटो खूप आलेत म्हणाला, डबे भरून ठेवलेत. यायचं विचारलं तर म्हणाला, बघू.

आज सकाळी दहाच्या सुमारास दारावर टकटक झाली. सेक्रेटरी जागेवर नव्हती म्हणून मुलगी सरळ आत आली. नवीन असावी, ऑगस्टमध्ये आलेली. केंटच्या संघाचं जाकीट, डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टिकचा बूट, तडा गेलेल्या हाडाला घालतात तसला. मी बस म्हटलं. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

"मिस टोर्गरसन, एक विचारायचं होतं. कोच केंटबद्दलचं ते पत्र तुम्हीच लिहिलंय ना? ते आमच्या घरी आले होते तेव्हा आईबाबांना वाचून दाखवलं. आई मला इतक्या लांब पाठवायला तयार नव्हती. पत्र ऐकून तयार झाली."

मी हो म्हटलं.

तिने मांडीवरचे हात बाह्यांच्या आत ओढून घेतले. ती काहीतरी ठरवून आली होती, एवढं मलाही कळत होतं. बोल म्हटलं असतं तर ती बोलली असती. मी मात्र वाट बघत राहिले.

"त्यातलं सगळं खरं आहे?" तिने विचारलं.

तिच्या मागे काचेतून मैदान दिसत होतं, माणसं गॅलरीवर चढून काम करत होती. मी त्या पत्राचं एकेक वाक्य मनात म्हणून पाहिलं. पाठ आहे मला.

"प्रत्येक वाक्य," मी म्हटलं.

तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, की निराशाही नव्हती. गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागे पाहून घ्यावं तसं तिने ते घेतलं.

"मग माझ्यातच काहीतरी कमी आहे," ती म्हणाली. "सॉरी, तुमचा वेळ घेतला."

बुटामुळे तिला उठायला वेळ लागला. जाताना तिने दार अगदी हळू लावलं. साडेदहाला गॅलरीच्या कंत्राटदाराची मीटिंग होती, तिला मी वेळेवर पोचले. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.